शब्दांच्या जाती आणि यंत्राची शोधयात्रा



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमचा विषय छापून आला, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यातच गाठले. म्हणाले, "नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे आम्ही प्राथमिक शाळेत छड्या खाऊन संपविले. आता उतारवयात त्यावर तासभर काय ऐकावयाचे?" प्रश्न अगदी रास्त आहे. आजच्या भाषणाची सुरुवात त्या प्रश्नापासूनच करावी, असे आम्ही ठरविले.

आमच्या स्नेह्यांना आम्ही एक वाक्य सांगितले. नगरपालिकेच्या खिडकीशी कोणीही कोणालाही सांगेल, असे ते वाक्य आहे : "कर भर, पण पावतीची वाट पाहा." आपणांपैकी एकालाही हे समजावयास क्षणाचा विलंब लागला नाही. पण आता हे वाक्य एखाद्या परक्याच्या डोळ्यांनी पाहा. 'कर' म्हणजे सरकारी पट्टी, हे नाम झाले. आणि 'काम कर' म्हटले की तेच क्रियापद. 'भर' हे क्रियापद आहे. 'त्यात भर पडली' असे म्हटले की नाम, आणि 'भर दुपारी' म्हटले की विशेषण. 'पण' हे उभयान्वयी अव्यय खरे, परंतु धनुष्य मोडण्याचा जो पण जनकराजाने लावला, तो पण नाम होता. 'वाट' ही पंढरीची असली तर नाम, 'पेढे वाट' म्हटले की क्रियापद. उरले 'पावतीची' आणि 'पाहा'. त्यांच्याबद्दल वाद नाही. आता हिशेब करा. 'कर' दोन प्रकारचा, 'भर' तीन, 'पण' दोन, 'वाट' दोन. दोन गुणिले तीन, गुणिले दोन, गुणिले दोन, म्हणजे २४. सहा शब्दांच्या या साध्या वाक्याची शाळेतल्यासारखी पदे ओळखावयाची तर २४ उत्तरे संभवतात, आणि त्यांतले बरोबर एकच. आपण ते उत्तर काढले केव्हा आणि कसे, हे आपले आपल्यालाही सांगता येणार नाही. यंत्राला मात्र ते सांगावे लागते. छडी खाऊन शिकलेले ज्ञान यंत्राला कसे शिकवावे, हा आजचा विषय आहे.

यंत्राला हे शिकवावयाचे तरी कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. एकच उदाहरण देतो. अंध विद्यार्थ्यांना पुस्तके वाचून दाखविणारी यंत्रे आता सर्वत्र झाली आहेत. 'चार' हा शब्द घ्या. 'चार गाई' यातला 'चार' हा संख्यावाचक असून त्यातला च आपण 'चहा'तल्या चसारखा उच्चारतो. 'गाईला चारा चार' यातला शेवटचा 'चार' हे क्रियापद आहे आणि त्यातला च 'चमचा'तल्या चसारखा आहे. लिहिण्यात दोहोंत तिळमात्र फरक नाही. शब्दाची जात कळल्यावाचून यंत्राला तो नीट वाचता येत नाही. आणि ते चुकीचे वाचू लागले की ज्याला डोळ्यांनी पडताळा घेता येत नाही, त्याच्याच पदरी ती चूक पडते. तेव्हा हा केवळ वैयाकरणांचा खेळ नव्हे.

आता या कामाचा थोडा इतिहास सांगतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंड संस्थानात प्रॉव्हिडन्स नावाचे शहर आहे. तेथल्या ब्राउन विद्यापीठात नेल्सन फ्रान्सिस आणि हेन्री कुचेरा या दोघांनी १९६१ साली छापल्या गेलेल्या अमेरिकन इंग्रजी मजकुराचे ५०० उतारे गोळा केले. प्रत्येक उतारा सुमारे २,००० शब्दांचा. म्हणजे एकूण सुमारे दहा लाख शब्दांचा हा संग्रह झाला. वर्तमानपत्रे, कथा, धर्मग्रंथांवरील लेखन, सरकारी कागद, सारे त्यात आले. पुढे १९७१ च्या सुमारास ग्रीन आणि रुबिन या दोघांनी या शब्दांच्या जाती ओळखणारी एक यंत्रयोजना तयार केली. तिच्यात माणसांनी रचलेले नियम होते. अमुक शब्दाच्या मागे तमुक जातीचा शब्द असेल तर ही जात संभवत नाही, अशा थाटाचे ते नियम. या योजनेला ७७ टक्के शब्दांची जात बरोबर ठरविता आली. उरलेले काम माणसांनी हाताने केले, आणि त्याला बरीच वर्षे लागली. त्या हातांची आठवण आपण ठेवू. भाषणाच्या शेवटी आम्हांला त्यांच्याकडे परत यावयाचे आहे.

नियम पुरे पडत नाहीत असे दिसल्यावर लोक मोजणीकडे वळले. मोजणीची ही कल्पना मुळात जुनी. रशियातील मार्कोव्ह नावाच्या गणितज्ञाने १९१३ साली पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यातली २०,००० अक्षरे घेतली आणि स्वरामागून स्वर किती वेळा येतो, व्यंजन किती वेळा येते, हे मोजून काढले. हाच विचार शब्दांच्या जातींना लावता येतो. दोन गोष्टी मोजावयाच्या. पहिली, हा शब्द कोणत्या जातीत किती वेळा आढळतो. समजा, हाताने तपासलेल्या मजकुरात 'वाट' हा शब्द शंभर वेळा आला आणि त्यांतल्या नव्वद वेळा तो नाम होता. दुसरी, या जातीमागून ती जात किती वेळा येते. मराठीत नामामागून क्रियापद पुष्कळदा येते, कारण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसते. या दोन्ही मोजण्यांचा गुणाकार करीत गेले की संपूर्ण उत्तराला एक गुण मिळतो. आपल्या वाक्याच्या २४ उत्तरांना असे गुण द्यावयाचे आणि ज्याला सर्वांत अधिक गुण, ते खरे मानावयाचे.

येथपर्यंत सारे सरळ आहे. अडचण पुढे आहे. वाक्य वीस शब्दांचे असेल आणि प्रत्येक शब्दाच्या दोनच जाती संभवत असतील, तरी उत्तरे होतात १०,४८,५७६. तीस शब्दांचे वाक्य घेतले तर १०७ कोटींच्या वर. आमच्या वृत्तपत्रांतील अग्रलेखांत तीस शब्दांची वाक्ये काही दुर्मीळ नाहीत! एकेक उत्तर तपासावयाचे म्हटले तर यंत्रही दमून जाईल. तेव्हा सर्वोत्तम उत्तर सगळी उत्तरे न पाहता कसे शोधावे, हा खरा प्रश्न होऊन बसतो. यालाच इष्टतमाचा शोध म्हणतात.

यावरचा तोडगा फार सुंदर आहे. अशी कल्पना करा की आपण पायी यात्रेला निघालो आहोत. वाटेत वीस मुक्काम आहेत आणि प्रत्येक मुक्कामाला दोन धर्मशाळा आहेत. एका धर्मशाळेतून पुढच्या मुक्कामाच्या धर्मशाळेत जाण्याचे कष्ट ठाऊक आहेत. सर्वांत कमी कष्टाचा मार्ग कोणता? शहाणा वाटाड्या दहा लाख मार्ग मोजीत बसत नाही. तो प्रत्येक धर्मशाळेच्या दारावर खडूने एवढेच लिहून ठेवतो : येथवर येण्याचा सर्वांत सोपा मार्ग अमुक, आणि त्याचे कष्ट इतके. पुढच्या मुक्कामाचा हिशेब या दोन दारांवरच्या आकड्यांवरून होतो. त्याच्या मागची सारी यात्रा पुन्हा उकरून काढावी लागत नाही. मुक्कामागणिक चार बेरजा, म्हणजे वीस मुक्कामांना शंभराच्या आतच काम आटोपते. दहा लाखांचे काम शंभरात! आणि त्यात अंदाजपंचे काही नाही. मिळालेला मार्ग सर्वांत सोपा असतोच, याची गणिती खात्री आहे. रिचर्ड बेलमन यांनी १९५० नंतरच्या दशकात या विचाराला शास्त्राचे रूप दिले, आणि १९६७ साली अँड्र्यू व्हिटर्बी यांनी बिनतारी संदेशांतल्या चुका दुरुस्त करण्यासाठी तो वापरला. शब्दांच्या जातींसाठी तो विशेष गाजला तो १९८८ साली. त्या एकाच वर्षी डिरोझ आणि केनेथ चर्च या दोघांचे यावरचे लेखन प्रसिद्ध झाले, आणि इंग्रजीत शेकडा ९५ च्या पुढे शब्द बरोबर ओळखता येऊ लागले.

मग प्रश्न सुटलाच की! असे वाटणे साहजिक आहे. पण वाटाड्याच्या युक्तीत एक अट आहे, ती विसरून चालत नाही. पुढचे कष्ट फक्त कालच्या मुक्कामावर अवलंबून असले पाहिजेत. परवाच्या मुक्कामाला आपण कोठे जेवलो, याचा परिणाम उद्याच्या चालीवर होत असेल, तर दारावर अधिक गोष्टी लिहाव्या लागतात. जाती ४० असल्या आणि मागचा एकच शब्द लक्षात घ्यावयाचा असला तर ४० नोंदी पुरतात. मागचे दोन घ्यावयाचे तर १,६००. तीन घ्यावयाचे तर ६४,०००. चार घ्यावयाचे तर २५,६०,०००. धर्मशाळेचे दार तेवढे मोठे कोठून आणावयाचे?

येथे निरनिराळ्या हिकमती पुढे आल्या. त्यांची तोंडओळख करून देतो.

पहिली हिकमत टेकडी चढण्याची. दाट धुके पडले आहे, आणि आपल्याला महाराष्ट्रातले सर्वांत उंच ठिकाण गाठावयाचे आहे. दोन पावलांपलीकडचे दिसत नाही. तेव्हा जिकडे चढ लागेल तिकडे पाऊल टाकावयाचे. कोणतेही एक उत्तर घ्यावयाचे, त्यातल्या एका शब्दाची जात बदलून पाहावयाची, गुण वाढले तर ते ठेवावयाचे. ही रीत सोपी आहे. पण धुके निवळल्यावर आपण कळसूबाईवर असू, याचा भरवसा नाही. एखाद्या टेकाडावर उभे राहून आपण 'आता सगळीकडे उतारच आहे' असे म्हणत असू.

दुसरी हिकमत लोहाराच्या भट्टीतून आली. लोखंड तापवून ते हळूहळू निवू दिले की ते नीट बसते. एकदम निवविले तर ठिसूळ राहते. कर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेक्की यांनी १९८३ साली हाच दाखला घेऊन असे सुचविले, की आरंभी यंत्राला अधूनमधून उताराचे पाऊलही टाकू द्यावे आणि मग ती मोकळीक हळूहळू आवळीत न्यावी. टेकाडावर अडकलेल्याला खाली उतरून दुसरा डोंगर धरता येतो.

तिसरी हिकमत शेतकऱ्याची म्हणावयाची. जॉन हॉलंड यांनी १९७५ साली ती ग्रंथरूपाने मांडली. एक उत्तर न घेता शंभर उत्तरांचे पीक घ्यावयाचे. जोमदार कणसांचे बियाणे ठेवावयाचे, बाकीचे सोडून द्यावयाचे. एका उत्तराचा पहिला अर्धा आणि दुसऱ्याचा दुसरा अर्धा जोडून नवी उत्तरे तयार करावयाची, मधूनच एखाद्या शब्दाची जात सहज बदलून पाहावयाची, आणि असे हंगामामागून हंगाम करावयाचे. स्पेनमधील लुर्देस अराउहो या विदुषीने २००२ साली ही रीत शब्दांच्या जातींना लावून दाखविली. तीत शब्दाच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा विचार गुण देताना केला होता. याच मालिकेतली आणखी एक रीत २००१ साली निघाली. गाणारे-वाजविणारे एकमेकांचा सूर ऐकत आपला सूर जुळवितात, त्या दाखल्यावरून तिची बांधणी केलेली आहे. आणि तिचाही उपयोग पुढे या कामी झाला.

या साऱ्या हिकमती मोहक आहेत, आणि आम्हीही त्यांच्या मोहात पडलो होतो. ती हकीकत सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. आम्ही चार-पाच जणांनी मराठी वाक्यांची एक वही केली, प्रत्येक शब्दाची जात हाताने लिहिली आणि यंत्राला शोधास लावले. उत्तरे पुष्कळ ठिकाणी चुकत. आम्ही म्हटले, शोध अपुरा पडतो आहे. मग पीक वाढविले, हंगाम वाढविले, भट्टी अधिक सावकाश निववली. रात्ररात्र यंत्र चालत राहिले. गुण वाढले. चुका मात्र जेथल्या तेथे! अखेर आमच्यातल्या सर्वांत तरुण सहकारी बाईंनी एक साधी गोष्ट केली. त्या म्हणाल्या, "यंत्राने काढलेले उत्तर राहू द्या. आपल्या वहीतले बरोबर उत्तर त्याच तराजूत घालून पाहू या." घातले. वहीतल्या बरोबर उत्तराला यंत्राच्या चुकीच्या उत्तरापेक्षा कमी गुण मिळाले!

याचा अर्थ आपल्या ध्यानी आलाच असेल. बरोबर उत्तराला अधिक गुण असते आणि ते यंत्राला सापडले नसते, तर दोष शोधाचा. पण येथे तराजूच खोटा होता. खोट्या तराजूने जितके कसून तोलावे, तितके आपण खात्रीने चुकतो. आणखी एक गोष्ट यातून निघते. एकाच शेजाऱ्याकडे पाहणारा तराजू असेल, तर त्यात सर्वाधिक गुणांचे उत्तर आपला वाटाड्या क्षणात आणि खात्रीने देतो. तेथे शेतकऱ्याची किंवा लोहाराची हिकमत लावून अधिक काही मिळणे शक्यच नाही. फार तर तेवढेच मिळेल.

आमचा तराजू कोठे खोटा होता, तेही सांगतो. दोन वाक्ये घ्या. "तिने वर पाहिले." "तिने वर पाहिला." पहिल्यात ती आभाळाकडे पाहते आहे, 'वर' हे क्रियाविशेषण. दुसऱ्यात ती लेकीसाठी स्थळ पाहून आली आहे. 'वर' हे नाम. दोन्ही ठिकाणी मागे सर्वनाम आहे आणि पुढे क्रियापद आहे. शेजाऱ्यांच्या केवळ जाती पाहणारा तराजू दोन्ही वाक्यांना एकच उत्तर देणार, म्हणजे त्यांतले एक चुकणार, हे विधिलिखित! फरक आहे तो 'ले' आणि 'ला' यांत. 'पाहिला' हे पुल्लिंगी रूप 'वर' या नामाशी जुळते, म्हणून वर हा नवरामुलगा ठरतो. आपल्या घरातल्या न शिकलेल्या आजीलाही ही खूण कळते. ती यंत्राला कळावी, तर 'क्रियापद' या एका खणाचे लिंग-वचनानुसार अनेक खण करावे लागतात. खण वाढले की जाती वाढल्या, दारावरच्या नोंदी वाढल्या, आणि तेव्हा कोठे त्या नव्या हिकमतींची खरी गरज निर्माण होते. आधी तराजू, मग शोध, असा हा क्रम आहे. आम्ही तो उलटा धरला होता.

आमचीच फजिती झाली असे नाही. १९९४ साली बर्नार्ड मेरिआल्दो यांनी इंग्रजीबाबत एक कसोटी घेतली. हाताने जाती लिहिलेला पुरेसा मजकूर देऊन यंत्र तयार केले, आणि मग जाती न लिहिलेला पुष्कळ मजकूर देऊन त्याला आपली मापे आपणच सुधारू दिली. यंत्राच्या दृष्टीने गुण वाढत गेले. बरोबर ओळखलेल्या शब्दांचे प्रमाण मात्र घटले. हाताने लिहिलेला मजकूर अगदी थोडा होता, तेथेच या रीतीचा फायदा झाला.

आज यंत्रांची जात बदलली आहे. आजची यंत्रे मेंदूतल्या मज्जातंतूंच्या जाळ्याचे नाव घेऊन येतात आणि कोट्यवधी मापे आपली आपण जुळवितात. पण ती जुळविण्याची रीत पाहाल तर ओळखीची वाटेल. धुक्यात चढ-उतार चाचपीत एकेक पाऊल टाकण्याचीच ती सुधारलेली तऱ्हा आहे. इंग्रजीत शेकडा ९७ शब्द बरोबर येतात, असे आपण ऐकतो. हा आकडा ऐकून टाळी वाजविण्यापूर्वी दोन हिशेब करावेत. पहिला : शब्दाची जी जात सर्वांत अधिक वेळा आढळते तीच डोळे मिटून देत गेले, तरी इंग्रजीत शेकडा ९० च्या आसपास शब्द बरोबर येतात. तेव्हा शहाणपणाची कमाई त्यावरच्या सातांची. दुसरा : शेकडा ९७ बरोबर, म्हणजे वीस शब्दांचे वाक्य संपूर्ण बिनचूक येण्याचा संभव शेकडा ५४ च्या आसपास. चुका इतस्ततः पडतात असे धरले, तर जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या वाक्यात एक चूक! ती चूक 'नाही' या शब्दाजवळ पडली आणि तो कागद कोर्टाचा किंवा इस्पितळाचा असला, तर काय होईल, याची कल्पना आपण करावी.

मग आपल्या मराठीने काय करावे? मराठीपुढे शोधाच्या हिकमतींची वाण नाही. त्या जगाच्या बाजारात फुकट मिळतात. वाण आहे ती तराजू खरा करणाऱ्या माणसांची. आमच्या वहीत सर्वांत अधिक वेळ गेला तो आपसांतल्या वादात. 'लिहिणारा आला' यातला 'लिहिणारा' विशेषण म्हणावा की नाम? 'घरावर' हा एक शब्द मानावा, की 'वर' वेगळा काढून त्याला शब्दयोगी म्हणावे? यास्काने शब्दांचे चार वर्ग केले : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली आपले व्याकरण छापले, आणि १९११ साली मोरो केशव दामल्यांनी जुन्या मतांची कसून तपासणी केली. हा वाद तेथे संपला नाही. तो आता यंत्राच्या दारात येऊन उभा आहे. त्याचा निकाल मराठी जाणणाऱ्यांनी लावला नाही, तर दुसऱ्या भाषेचे खण जसेच्या तसे आपल्या भाषेवर बसविले जातील, आणि यंत्र मोठ्या ऐटीने चुकीचे मराठी वाचील. ऐकणारा तो अंध मुलगा ते खरे मानील.

प्रारंभी आम्ही ब्राउन विद्यापीठातल्या त्या हातांची आठवण ठेवावयास सांगितले होते. दहा लाख शब्दांपैकी यंत्राने सोडलेले शब्द ज्यांनी एकेक करून तपासले, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. पण पुढच्या वाटाड्यांनी जे मोजले ते त्यांच्या श्रमांवर. आपल्या गावात निवृत्त शिक्षक आहेत, वाचनालये आहेत, व्याकरणाची गोडी असलेल्या गृहिणी आणि विद्यार्थी आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ दहा जण एकत्र बसले, रोजच्या वर्तमानपत्रातली पन्नास वाक्ये घेतली, प्रत्येक शब्दाची जात लिहिली आणि मतभेद झाला तेथे दोन्ही मते कारणांसह नोंदविली, तर वर्षभरात अडीच हजार वाक्यांची वही तयार होईल. खर्च होईल तो चहाचा.

आमच्या त्या स्नेह्यांना आम्ही हेच उत्तर दिले. शाळेत जे छड्या खाऊन शिकलात, ते वाया गेलेले नाही. त्याचे काम आता निघाले आहे. ते सध्या आमच्या वहीचे सर्वांत कडक परीक्षक आहेत, आणि 'घरावर' या शब्दावरून आमच्याशी अद्याप अबोला धरून आहेत!